चारची बोट

करंजवड्यात कुणालाही विचारा, दुपारी चार वाजता दर्शना शिवलकर कुठे सापडेल? शेंबडं पोरही सांगेल, तरीवर. तर म्हणजे खाडीचा धक्का. तिथून पलीकडच्या मुर्शीला फेरीबोट जाते. लग्न असो, बारसं असो, नाहीतर कुणाचं दहावं-बारावं, पावणेचार झाले की दर्शना ताटावरून उठायची. सुरुवातीला लोक म्हणायचे, "अगो बस, हात तरी वाळू दे." मग म्हणेनासे झाले. पुढे बोलावणंही बंद झालं. त्यात कुणाचा राग नव्हता. जिला यायला जमतच नाही तिला उगाच कशाला अडचणीत टाका, असा तो गावाचा समजूतदारपणा होता. असल्या समजूतदारपणानं माणूस कसा एकटा पडतो, हे त्या एकट्या पडलेल्या माणसालाच ठाऊक.

चारला तरीवर जायचं ते मैथिलीसाठी. मैथिली तिची एकुलती एक मुलगी, सत्तावीस वर्षांची, ऑटिझम असलेली. ती बोलते थोडं आणि त्यातले निम्मे आकडेच असतात. चारची बोट धक्क्याला लागते, फळी पडते, गाड्या उतरायला लागतात आणि मैथिली कठड्याशी उभी राहून एकेका गाडीचा नंबर मोठ्यानं वाचते. शेवटची गाडी चढाव चढून गेली की मायलेकी घरी. एकोणीस वर्षांत यात खंड पडला तो एकदाच. दोन वर्षांमागच्या वादळात बोट तीन दिवस बंद होती. त्या तीन दिवसांत मैथिलीनं स्वतःचं मनगट चावून चावून फोडलं. त्याचे वण अजून आहेत आणि ते दिसले की दर्शनाच्या पोटात गोळा येतो.

पोटात आणखीही काही होतं, पित्ताशयातले खडे. रत्नागिरीचे डॉक्टर दोन वर्षं सांगत होते, काढून टाका. ऑपरेशन आता अगदी सोपं झालंय, यंत्राचे बारीक हात चार भोकांतून काम उरकतात. पण त्यानंतर दहा दिवस ओढाताण नको, वजन उचलणं नको. दर्शना ऐकून घ्यायची आणि गोळ्या घेऊन घरी यायची. कळ आली की ओट्याला घट्ट धरून उभी राहायची आणि मैथिलीला कळू नये म्हणून गाणं गुणगुणायची. नवरा विजय मुंबईला कंपनीत होता, तो अकरा वर्षांपूर्वी हार्ट अटॅकनं गेला. नणंद एकदा मोठ्या हौसेनं डोंबिवलीहून आली. "वहिनी, तू जा बिनधास्त, मी आहे ना!" दुसऱ्या दिवशी दुपारी तिचं ब्लडप्रेशर वाढलं आणि संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली. दर्शना दवाखान्याच्या पायरीवरूनच माघारी फिरली होती.

शेवटी डॉक्टरांनीच हात टेकले. "आता पित्ताशय फुटलं तर मला नका विचारू. तुम्हाला काही झालं तर त्या पोरीचं काय, ते तुम्हीच ठरवा."

त्या पोरीचं काय. अशा घरांत हा प्रश्न वेगळा विचारावा लागत नाही, तो तिथेच राहत असतो. माझ्यानंतर काय? दर्शनाला मरायची भीती नव्हती, आधी मरायची होती.

*

त्याच वर्षी सरकारची विसावा योजना तालुक्यापर्यंत पोचली. अशा मुलांना सांभाळणाऱ्या घरच्या माणसाला वर्षातून चार वेळा दहा दहा दिवसांची सुटी, आणि तेवढे दिवस घरात एक प्रशिक्षित विसावाताई. करंजवड्याच्या वाट्याला आली ती चिपळूणची स्नेहल मोहिते. तिशीची, कुरळ्या केसांची, मोजकं बोलणारी. तिच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत राखाडी कापडाची एक पातळ बाही होती. या यंत्रणेला सरकारी कागदावर लांबलचक नाव आहे, पण सगळे तिला बाहीच म्हणतात.

पडवीत बसून स्नेहलनं समजावलं. "काकू, कधी जिना उतरताना असं झालंय, की आणखी एक पायरी आहे असं वाटून पाय टाकला आणि पायरी नव्हतीच?"

"झालंय की. काळजात धस्स होतं."

"तसंच. आपला मेंदू सारखा अंदाज बांधत असतो, पुढच्या क्षणाला काय होणार याचा. अंदाज थोडाफार चुकला तर तुम्ही-आम्ही सोडून देतो. मैथिलीचा मेंदू सोडत नाही. पातेलं रोजच्यापेक्षा जोरात ठेवलं, कुणी उजवीकडून यायचं ते डावीकडून आलं, की तिची पायरी चुकते. दिवसातून पाचशे वेळा चुकते. तुमच्याजवळ कमी चुकते, कारण तुमचं पुढचं पाऊल तिला तोंडपाठ आहे. नवीन माणूस आला की सगळ्याच पायऱ्या हलतात. तुमच्या नणंदेची काही चूक नव्हती."

बाहीचं काम असं की ते पुढचं पाऊल तिनं आईकडून शिकायचं आणि परक्या माणसाला शिकवायचं. दोन महिने दर्शना आणि मैथिली, दोघींच्या हातांना मऊ पट्टे बांधायचे. दर्शना किती झपझप चालते, हाक मारल्यावर ताट ठेवेपर्यंत किती थांबते, केस विंचरताना कुठे हात उचलते, श्वास कसा घेते, हे सगळं पट्टे टिपणार. मग स्नेहलच्या हातावरची बाही तिला बारीक टिचक्या मारून सांगणार, आता थांब, आता चाल, आता हळू. चेहरा परका असला तरी चाल ओळखीची. मैथिलीला तेवढं पुरतं, असा आजवरचा अनुभव होता.

पहिला आठवडा दर्शनानं वाया घालवला. हाताला पट्टा बांधल्याबरोबर ती घरी पाहुणे आल्यासारखी वागायला लागली. आवाज चढवायचा नाही, गरम पोळीवर तूप, मैथिलीला "बाळा" काय, "सोन्या" काय. मैथिली बिचारी बावचळून कोपऱ्यात जाऊन बसली. स्नेहलनं आकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"काकू, यंत्राचा पाहुणचार नको. रोज ओरडता ना, तशा ओरडा."

"मी नाय ओरडत," दर्शना ओरडली.

एक गोष्ट मात्र तिला लागली. स्नेहल सहज बोलून गेली की बाही सगळं शिकवते, फक्त ताण शिकवत नाही. आईची धडधड, अडकलेला श्वास, उगाच झालेली घाई, हे ती गाळून टाकते. परक्या माणसाच्या हाती फक्त शांत असतानाची आई देते.

"म्हणजे माझी काळजी गाळणार?"

"हो."

"काळजी गाळल्यावर माझ्यात उरलं काय गो?"

स्नेहल हसली. दर्शना हसली नव्हती.

यंत्रावर विश्वास नको म्हणून दर्शनानं एक दोनशे पानी वही आणली आणि तिची चाळीस पानं भरून काढली. दही भातावर नाही, शेजारी. आंघोळीचं पाणी आधी पायावर. पंखा तीनवरच. काजूबियांना कुणी हात लावायचा नाही. मैथिली पडवीत बसून काजूच्या बिया लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेनं लावायची, तासन् तास. आणि या सगळ्याच्या आधी, पहिल्या पानावर, लाल शाईनं दोनदा गिरवून: चारची बोट. काहीही झालं तरी.

योजनेच्या अर्जात एक रकाना होता, ‘विसाव्याच्या काळात आपण कुठे राहणार?’ तिथे तिनं लिहिलं, दवाखान्यात.

*

निघायच्या आदल्या दिवशी दोघी नेहमीसारख्या तरीवर गेल्या. बोट आता बॅटरीवर चालते, त्यामुळे ती लागल्याचं कानाला कळत नाही. पण गाड्यांचे हॉर्न होते तेवढेच आहेत. तिकिटंही सगळे मोबाइलवर काढतात. तरी खिडकीत नजमा मुकादम बसलेलीच, कारण म्हाताऱ्याकोताऱ्यांना अजून कागदच हातात लागतो. नजमाभाभी साठीची. पलीकडे मुर्शीला तिचं घर, पण दिवसभर ती या तीराला असते.

मैथिली कठड्याशी गेली. भाभीनं थर्मासमधला चहा दोन झाकणांत ओतला.

"काय गो, झोप झाली नाय काय तुझी?"

"उद्या जाते ना. दहा दिवस."

"मग जा की. मरायला नाय चाललीस."

"ही राहील ना गो भाभी?"

"नाय राहिली तर रडेल. रडून माणूस मरत नाय. चहा घे, गार होतोय."

बस, एवढंच. रोज एवढंच असायचं. कधी भाभीच्या सुनेचं गाऱ्हाणं, कधी माशांचा भाव, कधी नुसतं बसणं. शेवटची गाडी चढाव चढेपर्यंत पंधरा मिनिटं. मैथिलीमुळे आपल्याला इथं यावं लागतं, असं दर्शना सगळ्यांना सांगायची. तिची स्वतःचीही तशीच समजूत होती.

"उद्यापासून स्नेहल घेऊन येईल तिला," ती उठताना म्हणाली. "जरा लक्ष ठेव."

"मी हाय ना," भाभी म्हणाली.

*

ऑपरेशन व्यवस्थित झालं. तीन दिवस वॉर्डात काढल्यावर तिला दवाखान्याच्याच आराम-खोलीत हलवलं. खिडकी, पलंग, भिंतीवर घड्याळ. सकाळी चहा यायचा, दुपारी जेवण यायचं, आणि ताट दुसराच कुणी उचलून न्यायचा. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा दर्शनाला काही काम नव्हतं. पहिला दिवस तिनं झोपून काढला. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आपल्याला नुसतं बसता येत नाही, आणि कुणाशी बोलावं म्हटलं तर कुणी नाही.

तिनं मोबाइल काढला आणि नावं वर-खाली केली. गॅसवाला. औषधाचं दुकान. लाइटवाला सावंत. बँक. नणंद. थेरपीच्या बाई, ज्या कधीच पुण्याला निघून गेल्या. स्नेहलला फोन करायचा नव्हता. मधेच आईचा आवाज आला की बसलेली घडी विस्कटते, म्हणून नियमच होता की दिवसातून एकदा एका शब्दाचा निरोप येणार, बाकी काही नाही. आणि नजमाभाभीचा नंबर तिच्याकडे नव्हता. एकोणीस वर्षं रोज भेटणाऱ्या माणसाचा नंबर घ्यायचं दोघींच्याही कधी मनात आलं नव्हतं.

स्नेहलचा निरोप रोज सहाला यायचा. ‘ठीक.’

पहिल्या दिवशी तो वाचून दर्शनाला रडू आलं. दुसऱ्या दिवशी हायसं वाटलं. पाचव्या दिवशी, खरं सांगायचं तर, राग आला. एक दिवस तरी ‘ठीक नाही’ असं यावं, असं तिला वाटलं आणि मग स्वतःची लाज वाटली. माझ्यानंतर काय, या प्रश्नाचं उत्तर रोज सहा वाजता मिळत होतं आणि तेच तिला सोसवत नव्हतं. ज्या मुलीला आपल्यावाचून चालतं, तिची आई म्हणून आपण आता करायचं काय?

दवाखान्यानं तिच्या हाताला ठोके मोजणारा पट्टा बांधला होता, तो सिस्टर रोज बघून जायच्या. सातव्या दिवशी त्यांनी विचारलं, "काकू, चार वाजता कुणी भेटायला येणार असतं का?"

"नाही हो. मला कोण येणार?"

"मग रोज पावणेचारला ठोके शंभराच्या वर कसे जातात? बाकी दिवसभर सत्तर-बहात्तर."

"माझी लेक त्या वेळी तरीवर असते," दर्शना म्हणाली. "तिच्याकडे लक्ष लागतं."

सिस्टरांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं.

*

दहाव्या दिवशी दुपारी दोनला ती घरी पोचली. वाटेत मनातल्या मनात तालीम केली होती. मैथिली रुसलेली असेल, कोपऱ्यात असेल, कदाचित मनगट... मैथिली पडवीत होती. काजूबियांची रांग उंबऱ्यापर्यंत गेली होती. तिनं वर पाहिलं, "आई आली" असं अगदी पोस्टमन आल्यासारखं म्हणाली आणि पुढची बी लावली. मनगटावर नवा वण नव्हता.

स्नेहलनं चहा ठेवला. चहाचं पातेलं गॅसवर ठेवताना ती क्षणभर थांबली आणि मग डाव्या हातानं बर्नर पेटवला. दर्शना पाहत राहिली. डाव्या हातानं गॅस ती स्वतः पेटवायची. बाही स्नेहलला टिचकी मारत होती.

"तरीवर त्रास नाही ना दिला?" तिनं विचारलं.

स्नेहलनं गॅस बारीक केला. मग म्हणाली, "काकू, आम्ही तरीवर गेलोच नाही."

"म्हणजे? बोट बंद होती?"

"बोट चालू होती. मैथिलीनं एकदाही मागितली नाही. पहिल्या दिवशी वहीप्रमाणे मी पावणेचारला चप्पल घालून उभी राहिले. ती बसूनच राहिली. मी म्हटलं, चल, बोट. ती म्हणाली, नको. दुसऱ्या दिवशी पण नको. मग मी विचारणं सोडलं."

"असं होणारच नाही," दर्शना म्हणाली. "तू तिला ओळखत नाहीस. वादळात तीन दिवस बोट नव्हती तर..."

स्नेहलनं टॅबलेट पुढे केला. पडद्यावर दोन रेघा होत्या, निळी दर्शनाची, नारिंगी मैथिलीची. शिकवणीच्या दोन महिन्यांतल्या दुपारी एकाखाली एक मांडलेल्या.

"हे साडेतीन. बघा, इथून निळी रेघ चढायला लागते. तुमची पावलं जवळजवळ पडायला लागतात. भांड्यांचा आवाज वाढतो, श्वास वर चढतो. नारिंगी अजून सपाट आहे. मग पावणेचारला नारिंगी चढते, आणि ती उठून चपला आणते. एकही दिवस असा नाही की आधी ती अस्वस्थ झाली. रोज आधी तुम्ही."

"आणि तरीवर?"

"तरीवर तिची रेघ आणखी चढते. हॉर्न, ऊन, माणसं. बोट लागते तेव्हा सगळ्यात वर. मग ती नंबर वाचायला लागते. तेवढ्यात तुम्ही खिडकीशी बसता आणि तुमची रेघ उतरते. ती पूर्ण उतरली की मगच तिची उतरते." स्नेहलनं पडदा बंद केला. "माझ्या बाहीतून ताण गाळलेला असतो. चारला माझ्या अंगात काही चढतच नव्हतं. मग तिला उठायचं कारणच नव्हतं."

बंद टॅबलेट दर्शनानं आपल्याकडे ओढला.

"म्हणजे एकोणीस वर्षं ती माझ्यासाठी..."

"तिच्या मनात काय होतं ते रेघा सांगत नाहीत, काकू. आधी कोण आणि मग कोण, एवढंच सांगतात."

पण दर्शनाला पहिला दिवस आठवला होता. मैथिली आठ वर्षांची. त्या सकाळी शाळेनं सांगितलं होतं, उद्यापासून आणू नका. विजय मुंबईत, फोन उचलत नव्हता. दर्शना स्वयंपाकघरात जमिनीवर बसून दुपारभर रडली होती आणि मैथिली दाराशी उभी राहून पुढेमागे डुलत होती. चारच्या सुमाराला त्या चार भिंती असह्य झाल्या म्हणून ती पोरीला घेऊन वाट फुटेल तिकडे निघाली आणि तरीवर पोचली. तिकिटाच्या खिडकीतल्या नव्या बाईनं हाक मारली होती, "काय गो, रडतेस कशाला? ये, बस, पाणी पी." दर्शना बसली होती, पाणी प्यायली होती, आणि हळूहळू तिचं रडू थांबलं होतं. मैथिली तेव्हा कठड्याशी शांत उभी होती. रात्री विजयचा फोन लागला तेव्हा दर्शनानं त्याला सांगितलं, बोट बघून पोर कशी शांत झाली! दुसऱ्या दिवशी चारला मैथिलीनं दोघींच्या चपला आणून पुढ्यात ठेवल्या.

वादळाचे ते तीन दिवसही आता तिला वेगळे आठवले. घरात गळती, लाइट नाही, आणि चार वाजले की ती स्वतःच येरझारा घालत होती, मैथिलीला बोट नाही मिळाली तर पोर काय करेल म्हणून.

पोरीनं एकोणीस वर्षं ऊन सोसलं, हॉर्न सोसले. आणि आपण गावभर सांगत फिरलो की हिच्यापायी मला कुठे जाता येत नाही. दर्शनानं तोंडात पदर कोंबला. मैथिलीच्या पाठीकडे तिला बघवेना.

*

पावणेचार झाले. आज काहीही दाखवायचं नाही, असं ठरवून दर्शना खुर्चीत बसली. हात मांडीवर, नजर समोर. श्वास मोजून घेतला. चांगली पाच मिनिटं ती बसली असेल.

पडवीत बियांचा आवाज थांबला. मैथिली उठली, मांडणीपाशी गेली, चपलांचे दोन जोड घेऊन आली आणि आईसमोर उभी राहून पुढेमागे डुलायला लागली. "चला," ती म्हणाली. "बोट."

अंगाला खोटं बोलता येत नाही, निदान मैथिलीसमोर तरी नाही.

"तू नको येऊस, मैथू," दर्शना म्हणाली. "तू बस. तुझ्या बिया लाव. मी जाते. मी एकटी जाते."

या घरात हे वाक्य पूर्वी कधी कुणी उच्चारलं नव्हतं. मैथिली डुलायची थांबली. तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं नाही, ती कधीच पाहत नाही. पायांकडे पाहिलं. मग खाली बसून आईच्या चपला दाराकडे तोंड करून नीट शेजारी शेजारी ठेवल्या, स्वतःचा जोड उचलला आणि परत मांडणीवर नेऊन ठेवला.

"आई बोट," ती म्हणाली आणि बियांपाशी जाऊन बसली.

"मी सहापर्यंत आहे," स्नेहल म्हणाली. तिच्या हातात पुढच्या विसाव्याचा अर्ज होता. "कुठे राहणार, तो रकाना मागाहून भरू."

दर्शना उतार उतरली. उजवा हात सारखा मागे जात होता, मैथिलीच्या मनगटासाठी. ते तिथे नव्हतं. हात कुठे ठेवावा ते तिला कळेना, तेव्हा तिनं पदराचं टोक धरलं.

नजमाभाभीनं तिला लांबूनच पाहिलं आणि खिडकीतून अर्धी बाहेर आली. "कुठं मेली होतीस? दहा दिवस! ती स्नेहल मैथूला घेऊन येणार होती ना? ती नाय, मैथू नाय, कुणी नाय! मी म्हटलं ऑपरेशनात गेलीस. कुणाला विचारू? माझ्याकडे नंबर नाय तुझा!" बोलता बोलता भाभीचे डोळे भरले आणि तिला आणखीच राग आला. "आणि मैथू कुठाय?"

"घरी. बिया लावतेय."

"एकटी आलीस?"

"एकटीच येत होते, भाभी," दर्शना म्हणाली. "मला माहीत नव्हतं."

भाभीला ते कळलं नसावं, पण तिनं झाकणात चहा ओतला. दर्शना नेहमीच्या जागी बसली. समोर कठडा रिकामा होता. बोट लागली, फळी पडली, गाड्या उतरल्या, आणि कुणीच नंबर वाचले नाहीत. इतका गलका असून धक्का मुका वाटत होता. हा चहा कुणाच्या जिवावर प्यायलो आपण इतकी वर्षं, या विचारानं तिनं झाकण तसंच खाली ठेवलं.

"भाभी, पलीकडे काय आहे गो?"

"मुर्शीला? काय असणार? एक वडापावची गाडी आणि मग रस्त्याचं वळण. का?"

"मी कधी गेले नाही."

भाभी बघतच राहिली. एकोणीस वर्षं रोज बोटीसमोर बसणारी बाई बोटीत चढलीच नव्हती, हे तिच्याही आत्ताच लक्षात येत होतं. तिनं गठ्ठ्यातून एक कागदी तिकीट फाडलं, उलटं केलं, पाठीवर पेननं आपला नंबर लिहिला आणि खिडकीतून पुढे केलं. "जा. पाचच्या बोटीनं परत ये. पोचलीस की फोन कर."

"एवढ्यासाठी फोन?"

"कर म्हणते ना!"

ती गाड्यांच्या मागोमाग चढली. फळी उचलली गेली. बोट निघाली तेव्हा आवाज झाला नाही, नुसता धक्का मागे सरकायला लागला. खिडकीतला भाभीचा हात लहान होत गेला. कठड्याशी कुणी नव्हतं, तिथे कुणी असायचं कारणही नव्हतं. वर झाडीत घराची कौलं दिसली, त्यांखाली मैथिली लहान बीशेजारी मोठी बी ठेवत असणार, आईवाचून, व्यवस्थित. दर्शनाच्या छातीत धडधडायला लागलं. श्वास वर चढला. आपल्या अंगातली ही चढती धडधड आज तिची तिलाच जाणवली, आणि ती ओळखून चपला आणणारं माणूस शेजारी नव्हतं.

तिनं बोटीचा कठडा धरला. समोर दोन रांगांत गाड्या उभ्या होत्या.

"एमएच शून्य आठ," ती म्हणाली. नुसतं पुटपुटल्यासारखं. तिनं घसा साफ केला आणि मोठ्यानं, मैथिली म्हणते तसं एकेक आकडा सुटा करून म्हणाली, "चार. सात. एक. नऊ."

मग पुढची गाडी. मग तिच्यापुढची. खाडीच्या मध्यावर येईपर्यंत एक रांग संपली होती आणि श्वास जागेवर आला होता. दुसऱ्या रांगेतल्या पहिल्या गाडीची काच खाली झाली. आतल्या माणसानं डोकं बाहेर काढून विचारलं, "काय हवंय, काकू?"

"काही नाही," दर्शना म्हणाली आणि त्याच्या गाडीचा नंबर वाचला.